ओधवजीभाईंची जमकू

शिहोरच्या कंसारा गल्लीत, म्हणजे तांबटांच्या आळीत, ओधवजीभाईंच्या आणि माझ्या घरात एकच भिंत. ती इतकी पातळ, की तिकडे त्यांनी रकाबीतल्या चहावर फुंकर घातली तरी मला इकडे अंथरुणात कळायचं. त्यांची बायको उजमबेन गेली तेव्हापासून त्या घरात दुसरं माणूस नव्हतं. बोलण्याचा आवाज मात्र रोज यायचा.

‘ऊठ बाई, ऊन आलं. आज जास्वंद एकच फुललंय, त्यावर भागव. आणि अशी माझ्याकडे बघू नकोस, दोन असती तर काय माझ्या डोक्यात माळली असती?’

हे सगळं जमकूशी चालायचं. जमकू म्हणजे त्यांचं कासव. काळ्या पाठीवर पिवळ्या चांदण्या, आकार लहानशा ताटलीएवढा, आणि तोंड सदा कुणीतरी अपमान केल्यासारखं. आमच्या काठियावाडात अशी चांदण्यांची कासवं जुन्या घरांतून असायची. घरात कासव असलं की बरकत राहते, असं बायका म्हणत. उजमबेन लग्नानंतर सासरी राहायला आली तेव्हा तिच्या बापाने लुगड्यांच्या टोपलीत ही जमकू ठेवून दिली होती. पाठीच्या मागच्या कडेला एक भोक होतं, दोरी बांधण्यासाठी पाडलेलं. उजमबेनने दोरी त्याच दिवशी सोडली. तिला मूलबाळ झालं नाही. जमकू मात्र अंगणात तीस वर्षं फिरली.

आता अशी कासवं घरात ठेवणं गुन्हा आहे, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक. पण ओधवजीभाईंच्या कासवाचा विषय कोणी काढत नसे. एकट्या माणसाचं एवढंच आहे, असं म्हणून आम्ही सगळे मूग गिळून बसायचो.

माझ्याबद्दल सांगायचं तर मी त्रंबकलाल. चौतीस वर्षं एका दाक्तरांकडे कंपाउंडर होतो. औषधं बांधता बांधता मलाही थोडं दाक्तर झाल्यासारखं वाटू लागलं, आणि न विचारता सल्ला द्यायची सवय लागली ती सुटली नाही. ओधवजीभाई मला ‘दाक्तर’ म्हणत, ते कौतुकाने नव्हे. माझी बायको सुरतेला मुलाकडे नातवंडं सांभाळायला गेली ती तिकडचीच झाली. म्हणजे भिंतीच्या अलीकडेही एकटाच आणि पलीकडेही एकटाच, पण आम्ही एकमेकांकडे महिन्यातून एखादवेळ जात असू. आडमुठेपणा दोघांचाही, माझा जरा जास्त.

त्या वर्षी उन्हाळ्यात त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. भावनगरला ऑपरेशन ठरलं. पुढे दहा-बारा दिवस भाचीकडेच राहायचं होतं. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला बोलावून अंगणात बसवलं.

‘दाक्तर, नीट ऐक. पोळी द्यायची नाही. दूध तर नाहीच. उजम लाडाने तूप लावून पोळी द्यायची, त्याने हिच्या पाठीला ही टेंगळं आली बघ. घोळीची भाजी, निवडुंगाचं कोवळं पान काटे काढून, जास्वंद. हा समुद्रफेसाचा खडा इथं कोपऱ्यात राहू दे, ती आपलं कुरतडते. सकाळचं ऊन दे, दुपारचं नको. आणि पाणी त्या पसरट ताटलीतच. हनुवटी बुडेल एवढंच.’

‘एवढंसं? कासव आहे ना हे?’

‘मी काय सांगतोय ते ऐक ना! चिमणीला ठेवतो तेवढंच.’

‘बरं बरं. चौतीस वर्षं माणसं सांभाळलीत मी.’

‘माणसांचं मला सांगू नकोस,’ ते म्हणाले. मग वाकून त्यांनी जमकूच्या पाठीवरून हात फिरवला. ‘जाऊन येतो ग. हा फार बोलेल, तू लक्ष देऊ नकोस.’

मी मान डोलावत होतो आणि मनात म्हणत होतो, म्हातारा पाण्याचीसुद्धा कंजुषी करतो. एकूण जे सांगितलं त्यातलं अर्धंही मी कानाच्या आत घेतलं नव्हतं.

पाचव्या दिवशी भीम अगियारस होती, निर्जळी एकादशी. त्या दिवशी गल्लीतल्या सगळ्या लेकी माहेरी येतात, आंबे येतात, आणि उपास करणारा पाण्याचा थेंबही तोंडात घेत नाही. स्वतः प्यायचं नाही, पण दुसऱ्याला पाजायचं, त्याचं मोठं पुण्य. मी हा उपास दरवर्षी करतो. दुपारी बारालाच माझी जीभ टाळूला चिकटली. गल्लीत कोणी गायीला, कोणी कुत्र्याला पाणी ठेवत होतं. मी ओधवजीभाईंच्या अंगणात गेलो तर जमकू भिंतीच्या सावलीत मान बाहेर टाकून पडली होती. मला वाटलं, ही तर माझ्याचसारखी तहानलेली. एकादशीच्या दिवशी हिला ताटलीभर पाणी? ज्या जातीच्या रूपात देवाने समुद्रात पर्वत तोलला, तिला हनुवटीएवढं?

त्यांच्या पडवीत एक मोठं तांब्याचं घंगाळ होतं, त्यांनीच मठारलेलं. मी ते अंगणात ओढलं, चार बादल्या पाणी ओतलं आणि जमकूला अलगद आत सोडलं. ऊन लागू नये म्हणून अर्ध्यावर ओलं पोतं घातलं. ती पाय मारायला लागली तेव्हा मला आनंद झाला. पोहतेय, म्हटलं. घरी येऊन आडवा झालो. उपासाने ग्लानी आली होती, चांगली झोप लागली. झोपेत भिंतीपलीकडून तांब्यावर नखं घासल्यासारखा आवाज येत होता, तोही मी ऐकला. उठलो नाही.

संध्याकाळी पोतं उचललं तर ती तळाशी होती.

चांदण्यांचं कासव जमिनीवरचं असतं, त्याला पोहता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. शेजारी राहून तीस वर्षं बघितलेल्या प्राण्याबद्दल कळलं, आणि तेही असं. मी तिला उलटी धरून हलवली, पाय दाबले, तोंडातून पाणी काढलं. दवाखान्यात जे जे पाहिलं होतं ते सगळं केलं. मग अंगणात तसाच बसून राहिलो. त्या दिवशी उपास सोडायची आठवणही मला झाली नाही.

खरं म्हणजे दुसऱ्या दिवशीची बस पकडून भावनगरला जायचं आणि पाय धरायचे, एवढंच करण्यासारखं होतं. मी तसं केलं नाही. डोळ्याला पट्टी असलेल्या माणसाला हे कसं सांगायचं, ही सबब मला आयती मिळाली. मी जमकूला फडक्यात गुंडाळून डुंगराच्या पायथ्याशी एका बोरीखाली पुरली आणि येताना राघो भरवाडाला गाठलं. तो त्या माळावर शेळ्या चारतो. कुठल्या झुडपाखाली काय दडलंय ते त्याला ठाऊक असतं.

‘कासव पाहिजे? तुम्हांला?’ राघो काठीवर हनुवटी टेकून माझ्याकडे बघत राहिला. ‘म्हातारपणी तुरुंगात जायची हौस आलीय का?’

‘औषधासाठी पाहिजे.’

‘खोटं बोलू नका कंपाउंडरकाका. त्याचं औषध होत नाही.’

शेवटी मी त्याला खरं सांगितलं. तो शेळ्या हाकत निघून गेला. दोन दिवसांनी धोतराच्या झोळीत घालून एक कासव घेऊन आला. मादीच, तेवढ्याच मापाची. ‘ओधवजीबापांसाठी देतोय, तुमच्यासाठी नाही,’ एवढं म्हणून गेला.

चांदण्या जवळपास तशाच होत्या. पाठ जरा गुळगुळीत होती, पण ओधवजीभाईंना दिसणार किती, असा मी हिशेब केला. राहिलं ते मागच्या कडेचं भोक. त्यांच्या पडवीत हत्यारांची पेटी होती, तिच्यातलं गिरमिट मी काढलं. कासव दोन गुडघ्यांत धरलं आणि फिरवायला सुरुवात केली. त्याने मान आत ओढून घेतली, फुस्स करून श्वास सोडला, आणि मागचा एक पाय सारखा थरथरत राहिला. शेवटी रक्ताचा थेंब आला. मी आयोडीन लावलं, जसा काही मोठा उपकार करतोय. मला माझी लाज वाटत होती आणि तरी मी भोक पूर्ण पाडलं.

ओधवजीभाई काळा चष्मा लावून परतले. डेलीचं, म्हणजे अंगणाचं बाहेरचं दार उघडताच पहिला प्रश्न, ‘जमकू?’

‘आहे की. ही काय.’

मी कासव त्यांच्या हातात दिलं. त्यांनी दोन्ही तळव्यांत धरलं, बोटं पाठीवरून कडेकडेने फिरवली, मग एक क्षण थांबले.

‘वजन उतरलंय,’ ते म्हणाले. ‘तू हिला बोलून बोलून दमवलेलं दिसतंय.’

आणि त्यांनी कासव खाली ठेवलं. मी सुटलो असं मला वाटलं.

त्या दिवसापासून मी रोज जाऊ लागलो. आधी डोळ्यात थेंब घालायला, दिवसातून चार वेळा. महिन्याने थेंब बंद झाले, तरी जात राहिलो. घोळ शोधून आणायचो, निवडुंगाचे काटे काढायचो, ताटलीत पाणी बदलायचो. बोटांत काटे मोडले की मला बरं वाटायचं. ओधवजीभाई चहा करायचे, दोन रकाब्यांत ओतायचे. आम्ही काही विशेष बोलत नसू. बोलायचो ते मीच, दवाखान्यातल्या जुन्या गमती. ते ‘हं’ म्हणायचे. एकदा मी अर्धा तास उशिरा गेलो तर ते डेलीच्या उंबऱ्यात उभे होते, काळा चष्मा रस्त्याकडे. मला बघून घाईने आत वळले आणि म्हणाले, ‘गाय आली का बघत होतो.’ त्या गल्लीत सकाळी गाय येत नाही.

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली होती. भिंतीपलीकडून सकाळचं ते बोलणं आता येत नव्हतं. मी म्हटलं, डोळ्यांमुळे मन खट्टू असेल.

पावसाळा लागला तसं नवं कासव बदललं. ते कोपऱ्यात बसेना. सकाळपासून भिंतीच्या कडेकडेने चालायचं, डेलीच्या दाराशी पोचायचं, उंबऱ्याखालची माती उकरायचं, पुन्हा मागे फिरून भिंतीकडेने चालायचं. दिवसभर तेच. भिंतीला घासून घासून त्याच्या पाठीची एक कड पांढरी पडली. खाणंही कमी झालं. मी म्हणायचो, ‘हवा बदलली की असं होतं.’ ओधवजीभाई ‘हं’ म्हणायचे.

श्रावणातल्या शीतळा सातमला मी गेलो. त्या दिवशी कोणाच्या घरी चूल पेटत नाही, आदल्या दिवशीचं गार खातात. भाचीने बसबरोबर पाठवलेली थेपली ओधवजीभाईंनी ताटात काढून ठेवली होती, माझ्या वाटणीचीही. ते जेवत नव्हते. कासव त्यांच्या मांडीवर उलटं होतं आणि ते कानशीने काहीतरी हलक्या हाताने घासत होते.

‘बस,’ ते म्हणाले. ‘भोकाच्या कडा गुळगुळीत करतोय. झुडपात अडकायला नको.’

‘झुडपात कशाला अडकेल?’

त्यांनी कानस खाली ठेवली. ‘दाक्तर, माझं गिरमिट वाकडं आहे. वीस वर्षं वाकडं आहे. त्याने पाडलेलं भोक गोल पडत नाही, लांबट पडतं. उजमच्या बापाने तापल्या सळईने पाडलं होतं, गोल. तू काय मला इतका आंधळा समजलास?’

मी कसंबसं विचारलं, ‘कधी कळलं?’

‘डेलीत. तू हातात दिलंस तेव्हाच.’

मग मी सगळं सांगितलं. अगियारस, घंगाळ, पोतं, माझी झोप, नखांचा आवाज, सगळं. ते ऐकत होते. समोरच्या ताटातल्या थेपल्यांकडे बघत होते. मी पाय धरायला वाकलो तर त्यांनी पाय मागे घेतले.

‘कुठं ठेवलंस तिला?’

‘डुंगराखाली. बोरीच्या मुळाशी.’

‘खोल?’

‘हातभर.’

‘बरं केलंस. कुत्री उकरतात.’

मला रडू फुटलं. मी म्हटलं, ‘मला शिव्या द्या ओधवजीभाई. दोन महिने का गप्प राहिलात?’

‘बोललो असतो तर तू आला असतास का?’ ते चिडून म्हणाले. ‘लाजेने तोंड लपवून बसला असतास भिंतीआड. तुला मी ओळखत नाही? पहिल्या दिवशी ठरवलं होतं, उद्या बोलू. दुसऱ्या दिवशी तू थेंब घालायला आलास. मग म्हटलं, थेंब संपू देत. मग तू घोळ घेऊन यायला लागलास.’ त्यांनी कासवाच्या पांढऱ्या पडलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. ‘तुझं पाप एका दुपारचं. मी मात्र या मुक्या जिवाला दोन महिने कोंडून ठेवलं. का, तर माझ्या घरी माणूस यावं म्हणून. रोज दाराशी जाऊन उकरतंय, मला दिसत नव्हतं का? जमकू कधी दाराकडे गेली नाही. तिला ठाऊकच नव्हतं बाहेर काय असतं ते. याला ठाऊक आहे.’

आम्ही थेपली तशीच ठेवून निघालो. कासव त्यांनी स्वतः झोळीत घेतलं, मला हात लावू दिला नाही. डुंगर हिरवा झाला होता. राघो भेटला. त्याने झोळीकडे पाहिलं आणि काही न विचारता पुढे चालायला लागला. एका ओढ्याच्या वर, तरवडाच्या झुडपांत थांबून तो म्हणाला, ‘इथंच सापडलं होतं, बापा. या दगडाच्या पोटाशी.’

ओधवजीभाईंनी ते खाली ठेवलं. बराच वेळ ते अंग आत ओढून बसलं. मग मान बाहेर आली, पाय आले, आणि ते चालू लागलं. मागे वळून बघितलंबिघितलं नाही. कशाला बघेल? गवतात शिरलं आणि संपलं.

परतताना त्यांनी बोरीपाशी थांबायला सांगितलं. मी जागा दाखवली. ते दोन मिनिटं उभे राहिले, चष्मा पुसला, पुन्हा लावला. मग रस्त्याला लागल्यावर, माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘आता उद्यापासून तुला यायचं काही कारण राहिलं नाही.’

मी पायाखालचा रस्ता बघत चाललो.

‘थेंब नाहीत. घोळ नको. काटे काढायचे नाहीत.’ थोडं चालून पुन्हा म्हणाले, ‘येशील का?’

एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे काही मागितलं ते हे पहिलं. मी म्हटलं, ‘येईन. पण येऊन करू काय?’

‘काही करू नकोस. आणि बोलू नकोस, तू फार बोलतोस. नुसता बसत जा.’

मी गेलो. पहिले दोन दिवस फार जड गेले. दोन म्हातारे समोरासमोर, मध्ये रिकामं अंगण, आणि मला बोलायला बंदी. जिभेवर आलेलं मी चहाबरोबर गिळत होतो. तिसऱ्या दिवशी चहा झाल्यावर ते आपणहून बोलायला लागले. आवाज तोच होता, भिंतीपलीकडून यायचा तो, हळू, जरा कुरकुरता.

उजमबेन गेली त्या दुपारी तिने त्यांना दोनदा हाक मारली होती. ते पडवीत हंड्यावर हातोडी चालवत होते. पहिली हाक त्यांना ऐकूच आली नाही. दुसरी आली, पण त्यांना वाटलं, चहाला बोलावतेय, एवढी कड मठारून जाऊ. गेले तेव्हा ती उंबऱ्यावर हात टाकून पडली होती. ती दुसरी हाक आपल्याला ऐकू आली होती, हे ते सहा वर्षं रोज जमकूला तोंडाशी धरून सांगत होते, भिंतीपलीकडे मला ऐकू जाऊ नये इतकं हळू. तिला एकटीलाच सांगितलं होतं त्यांनी, आणि तिला मी घंगाळात बुडवलं होतं.